हुंकाराला मनाई

सर्व वाचकांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, त्या शनिवारी दुपारी ठाण्यातल्या एका प्रतिष्ठित वाचनालयाच्या हॉलमध्ये ‘हं’ म्हणायला बंदी होती.

हसू नका. माझ्या धंद्यात याहून मोठी आपत्ती नाही.

मी मुलांसाठी पुस्तकं लिहिते आणि ठाण्यापासून कल्याणपर्यंत शाळांतून, वाचनालयांतून गोष्टी सांगत हिंडते. मुलं मला ‘गोष्टीवाल्या बाई’ म्हणतात. मोठी माणसं ‘लेखिका’ म्हणतात, हार घालतात आणि लगेच घड्याळाकडे बघतात.

लिहिलेल्या गोष्टीला कागद पुरतो. सांगितलेल्या गोष्टीला हुंकार लागतो. सांगणाऱ्याने म्हणायचं, ‘एक होता राजा.’ ऐकणाऱ्याने म्हणायचं, ‘हं.’ ‘तो गेला शिकारीला.’ ‘हं.’ एवढंच. पण त्या ‘हं’वरून आम्हाला सगळं कळतं. पोर जागं आहे की पेंगतंय, घाबरलंय की पुढचं ओळखून बसलंय. हुंकार थांबला की माझी आत्या राजाला जंगलात तसाच सोडून भाजी चिरायला उठायची. मीही कुठल्या शाळेत गेले की आधी सगळ्या वर्गाला हुंकार द्यायला शिकवते. मगच राजा घरातून निघतो.

आणि इथे ग्रंथपाल दत्तोपंत मला जिन्यातच गाठून म्हणत होते, “बाई, मुलं काही बोलणार नाहीत. तुम्हीही बोलायला लावू नका.”

“हुंकारसुद्धा नाही?”

“श्वाससुद्धा नाकाने घ्यायला सांगितलंय.”

प्रकरण असं होतं. वाचनालयाला मागच्या बाजूला एक रिकामी खोली होती. दत्तोपंतांना ती मुलांसाठी हवी होती. ती मिळत नाही तोवर मुलांना वाचनालयात पाऊल टाकायची परवानगी नव्हती. मुलांची पुस्तकं होती, पण कुलपात. वडील सभासद असतील तर त्यांनी ती घरी न्यावीत, असा नियम. आणि बहुतेक वडील स्वतःसाठी कादंबरी नेत.

त्याच खोलीवर ब्रिज खेळणाऱ्या मंडळींचा डोळा होता. त्यांचे पुढारी बापूसाहेब नेने, निवृत्त वकील. ही मंडळी व्हरांड्यात खेळत आणि वाऱ्याने पत्ते उडत. बापूसाहेबांच्या मते हा अन्याय होता.

अध्यक्ष भाऊसाहेब हे निवृत्त मामलेदार. त्यांनी निवाडा दिला होता. मुलांना बोलवा, तासभर बसवा. वाचनालयाची शांतता टिकली तर खोली मुलांची. भंगली तर ब्रिजची.

“आणि तुम्ही हे कबूल केलंत?” मी विचारलं.

“काय करू? पोरं खिडकीच्या गजांना नाक लावून कपाटातल्या पुस्तकांची नावं वाचत उभी राहतात, बाई. नुसती नावं. मला ते बघवत नाही.”

मी पदर खोचला आणि हॉलमध्ये गेले.

कोपरीच्या शाळेतली मुलं रांगांत बसली होती. ओठ मिटलेले, हात गुडघ्यांवर. फोटो काढायला बसवल्यासारखी. डोक्यावर ‘शांतता राखा’ ही पाटी. बाजूला खुर्चीत भाऊसाहेब, काळा कोट, हातात साखळीचं घड्याळ. व्हरांड्याच्या दारात बापूसाहेब, हातात पत्ते. आपला डाव सोडून ते आमचा डाव मोडायची वाट बघत होते.

मी सुरुवात केली. “खाडीकाठी एक गाव होतं.”

सवयीने थांबले. काही नाही.

“गावाला मिठागर होतं.”

काही नाही. पहिल्या रांगेतल्या, नाकात चमकी घातलेल्या मुलीचे ओठ उघडले. दत्तोपंत खांबाआडून नुसते बघत होते. तिने ओठ मिटले.

तुम्ही कधी विहिरीत बादली सोडली आहे आणि पाण्याचा आवाजच आला नाही, असं झालंय का? तसं मला होत होतं. मी राक्षस आणला. गावातलं सगळं मीठ पळवणारा, खाडीएवढ्या तोंडाचा राक्षस. एरवी या जागी किंकाळ्या पडतात. इथे नुसते डोळे मोठे झाले. मी आवाज चढवला, हात फिरवले, मिशा पिळल्या, ज्या मला नाहीत. शांतता. माझी मलाच गोष्ट अळणी लागायला लागली.

मग माझ्या लक्षात आलं की बंदी मुलांना आहे. हॉलमध्ये एक माणूस असा आहे ज्याला कुणीच काही बजावलेलं नाही.

मी खुर्ची जराशी वळवली. इतकी जराशी की दत्तोपंतांनाही कळू नये. आणि पुढचं वाक्य थेट काळ्या कोटाला सांगितलं.

“गावात गोदी नावाची एक मुलगी होती.”

थांबले.

“तिची आई म्हणाली, आमटी अळणी, भाकरी अळणी, जगायचं कसं?”

थांबले. भाऊसाहेबांची हनुवटी किंचित हलली.

“गोदी म्हणाली, मी आणते मीठ.”

“हं,” भाऊसाहेब म्हणाले.

त्यांना स्वतःला पत्ता नव्हता. कुठल्यातरी आईने, आजीने लहानपणी लावलेली सवय. मामलेदारी करूनही गेलेली नव्हती. मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. चमकीवालीने गाल फुगवले. आता ती फुटते की काय, या भीतीने मला घाम आला. कारण पोर हसलं की खोली गेली. मी घाईघाईने राक्षसाला झोपवून टाकलं आणि आवाज अगदी खाली आणला. त्याला पानाची सळसळही ऐकू येते, म्हटलं. झालं. आता मुलांना गप्प बसायला दत्तोपंतांची गरज उरली नाही. राक्षसापायीच ती गप्प झाली.

“मिठाचं पोतं त्याने उशाला घेतलं होतं.”

“हं.”

“गोदीने कोंड्याचं पोतं आणलं होतं. मीठ काढायचं, कोंडा ठेवायचा. त्याला कळता कामा नये.”

“हं, हं.”

“तिने दोन्ही हातांनी त्याचं डोकं उचललं.” मीही उचललं. पाण्याने भरलेला डेरा उचलावा तसं, हात थरथरत. “कोपराने मिठाचं पोतं बाहेर ढकललं. आता कोंड्याचं आत सारायचं. पण दोन्ही हातांत डोकं. डोकं सोडलं तर तो जागा होणार. आणि त्याची पापणी हलली.”

मी थांबले. खूप वेळ थांबले. भाऊसाहेब खुर्चीच्या टोकाला आले होते. घड्याळ साखळीला लोंबत होतं.

“अगं पायाने,” भाऊसाहेब एकदम म्हणाले, “पायाने सरकव ते पोतं.”

आणि हॉल फुटला.

“दातांनी वढ गो!” चमकीवाली उभी राहून ओरडली. “त्याच्या डोळ्यांत मीठ टाका, बाई.” “अरे हात कुठायत तिला?” “डोकं मांडीवर घे म्हणावं.” पाटी असलेली भिंत हलेल असा कालवा. दत्तोपंत खांबाला टेकून खाली बसले.

बापूसाहेब आत आले. वकिली आवाजात म्हणाले, “भाऊसाहेब, शांततेचा भंग झाला. खोली आमची.”

“भंग मुलांनी केला नाही,” भाऊसाहेब उठून म्हणाले. त्यांचा चेहरा लालबुंद होता. “पहिला आवाज माझा. मुलं त्यानंतर बोलली.”

“म्हणजे अट मोडलीच.”

“अट मुलांवर होती. ती त्यांनी पाळली. अध्यक्षांनी मोडली, त्याबद्दल अध्यक्षांना काय दंड करायचा तो करा. खोली मुलांची.”

हे सगळं चालू असताना मी तशीच उभी होते. दोन्ही हात वर, हातांत डोकं. मी ते खाली ठेवलं नाही. ठेवलं असतं तर राक्षस जागा झाला असता, आणि मुलं तेवढी माझ्याकडे बघत होती. मुलं पुन्हा गप्प झाली होती.

खोली मुलांना मिळाली. कपाटाचं कुलूप निघालं. तिथे आज इतका गोंगाट असतो की ब्रिजवाल्यांना व्हरांडा शांत वाटतो. मी एवढंच शिकले की श्रोत्यांना बंदी करता येते, पण बंदी घालणाराही श्रोताच असतो, हे आधी बघून ठेवावं.

पण ते नंतरचं. त्या क्षणी बापूसाहेबांना आपली हरकत रीतसर नोंदवायची होती. दत्तोपंत उठून लिहायला बसले. “बोला,” भाऊसाहेब म्हणाले. बापूसाहेबांनी पत्ते खिशात घातले, घसा साफ केला, एकदा अध्यक्षांकडे पाहिलं, एकदा माझ्या थरथरणाऱ्या हातांकडे पाहिलं, आणि म्हणाले,

“हरकत मरू द्या हो, आधी त्या पोरीच्या हातातलं डोकं खाली घ्या कुणीतरी.”