दस्तगीर मिस्त्रींचा मसाला

उद्यमनगरात जो तो आपला माल खपवायला धडपडायचा. दस्तगीर मिस्त्री मात्र आपलाच माल घणानं फोडायचे. त्यांच्या भट्टीतून निघालेल्या ओतकामात बारीकसं भोक दिसलं, की घण पडलाच. शेजारच्या खोलीत माझा लेथ होता. "आज कुणाचा नंबर लागला, मिस्त्री?" असं मी ओरडून विचारायचो. "फुटल्यालं दिसतंय, अण्णा. झाकल्यालं दिसत न्हाय," एवढंच ते म्हणायचे.

आधी ते असे नव्हते. बिडाच्या ओतकामात हवेची भोकं राहायचीच. बिडाचा कीस, नवसागर आणि थोडं गंधक पाण्यात कालवून ती भोकं बुजवायची. गंज धरला की ते दगडासारखं घट्ट व्हायचं. आम्ही त्याला मसाला म्हणायचो, आणि मिस्त्रींच्या मसाल्याचं गल्लीभर नाव होतं. पंचगंगेच्या काठावर उसाला पाणी देणारे पंप त्यावर वर्षानुवर्षं चालले. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं, मलाही नाही.

एकदा मुंबईचा ठेकेदार दुसऱ्यांदा ऑर्डर घेऊन आला. चहा पिताना सहज म्हणाला, "मागचे पंप नौदलाच्या जहाजांवर बसले. जहाजं जुनी, परदेशातून घेतलेली. त्यांचे भाग आता कोण बनवतंय? इंजिनखोलीत शिरलेलं पाणी तुमचेच पंप उपसतात."

मिस्त्रींच्या हातातली बशी कलली. मागच्या पंपांतही मसाला भरलेला होता. आणि त्यांचा एकुलता एक मुलगा इब्राहिम नौदलात होता, तोही इंजिनखोलीतच.

"कुठल्या जहाजावर बसवलं?" त्यांनी विचारलं. ठेकेदाराला ठाऊक नव्हतं. "समदं काढून आणा. नवं फुकट वतून देतो."

"काढले तर जहाज बंदरात अडकून पडेल, मिस्त्री. आणि आता लढाईची चिन्हं आहेत."

लढाई लागलीच. मिस्त्रींनी मसाल्याचा डबा गटारात ओतला, भोकाच्या मालावर घण घालायला सुरुवात केली आणि रोज माझ्या रेडिओजवळ येऊन बसू लागले. बातम्यांत जहाज हा शब्द आला, की ते डोळे मिटून घ्यायचे. "दुश्मनाचं भ्या न्हाय मला, अण्णा," ते एकदा म्हणाले. "माझ्याच हातांचं भ्या वाटतंय." त्या पंपांची तोंडं माझ्या लेथवर तासलेली होती. मीही लेथ बंद करून बातम्या ऐकायचो.

लढाई संपली आणि इब्राहिम सुट्टीवर आला, वाळलेला, पण धडधाकट. मिस्त्रींनी माझ्यादेखत त्याला सगळं सांगून टाकलं. पोरगं हसायलाच लागलं.

"त्यात काय, अब्बा? पंप गळाय लागला की नवा कुठनं आणायचा? आम्हीबी भोकात मिळंल ते कोंबतो आणि जहाज हाकतो. तुमचा मसाला तरी टिकतोय. जाताना डबाभर द्या की."

मला वाटलं होतं, मिस्त्रींच्या उरावरचा दगड उतरेल. उलट त्यांचा चेहरा आणखी उतरला.

इब्राहिम निघायच्या दिवशी त्यांनी स्वतः बीड कानसलं, कीस चाळला आणि डबा भरला. स्टेशनवर डबा खिडकीतून आत देताना म्हणाले, "ह्याच्यावर भरवसा ठिवू नगंस. भोक भरलंस की वर निघून ये. पंपाजवळ थांबू नगंस."

"मग कोण थांबणार, अब्बा?" इब्राहिम म्हणाला. "माणसं हायत कुठं? तिथं मीच असतोय."

गाडी हलली तरी मिस्त्रींचा हात खिडकीच्या गजावरून सुटेना. शेवटी मीच तो ओढून सोडवला.