दगड कुणाचा आणि मूल कुणाकडे

चांगले प्रसंग घरी पोचेपर्यंत विरून जातात. डोकं फिरवणारे मात्र खडकाला कालवांचे शिंपले चिकटावेत तसे चिकटून बसतात, आणि हात लावला की कापतात. आमच्या रविवारच्या टोळीचे माझ्याकडे असे ढीगभर साठलेत. ऐका, आणि मी उगाच चिडते का तेही सांगा. घरी सगळ्यांचं म्हणणं तसंच आहे.

टोळी म्हणजे आम्ही तिघं. मी डहाणूत एका शाळेत विज्ञान शिकवते. राऊत सर त्याच शाळेत पीटीचे. आणि केतन बोर्डीचा, घरची चिकूची वाडी. आमचा नाद बोल्डरिंगचा. दोर नाही, डोंगर नाही. दोन पुरुष उंचीचा दगड शोधायचा, खाली गादी टाकायची आणि हातापायाने वर चढायचं. पडलो तर गादीवर. २०१६-१७ ची गोष्ट. या भागात असे दगड कुठे आहेत याची कुणालाच खबर नव्हती, म्हणून आम्ही सुट्टीच्या दिवशी शोधत हिंडायचो. शेवटी वाढवणसमोर एक छोटंसं खडकाळ बेट सापडलं. ओहोटीला चालत जायचं, भरतीच्या आत परत. ओहोटीची वेळ रोज पुढे सरकते. माझ्या दीड वर्षाच्या मनूच्या झोपेची सरकत नाही. सगळी भानगड इथूनच सुरू होते.

*

आधी गादी. या कामाच्या खास गाद्या मिळेनात, म्हणून मी माझ्या लग्नातली कापसाची गादी दिली. सकाळी सकाळी सर आणि केतन ती सुंभाने बांधून खांद्यावरून सोसायटीबाहेर घेऊन निघाले. मागे मी. केस विंचरलेले नाहीत, मनूने रात्रभर जागवल्यामुळे डोळे लाल. सगळे समुद्राच्या दिशेने.

माणूस गेलं की त्याचं अंथरूण समुद्रावर नेऊन टाकतात, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही!

दुपारी परतले तर हॉलमध्ये चार बायका फिक्या साड्या नेसून, मान खाली घालून बसलेल्या. सासूबाई तेव्हा गावाहून आमच्याकडे आल्या होत्या. त्या गेल्या असं समजून या भेटायला आल्या, आणि दार सासूबाईंनीच उघडलं!

मला बघून त्या एवढंच म्हणाल्या, "घाई होती तर सांगायचंस. मी गावीच थांबले असते."

*

बेट सापडायच्या आधी आम्ही तलासरीच्या बाजूलाही फिरलो. एका पाड्याच्या मागे असा सुंदर दगड दिसला की केतनने चपला तिथेच काढल्या. जवळ गेलो तर दगडाला शेंदूर, पुढे नारळ. मी म्हटलं, "चला, परत." सर म्हणाले, "थांबा हो मॅडम, विचारायला काय जातंय?"

पाड्यातले एक आजोबा आले. "देव हाय तो. चढू नका."

आम्हाला एवढं पुरेसं होतं. सरांना नव्हतं. सर म्हणाले, "बाबा, शेंदूर पुढून आहे. आम्ही मागून चढलो तर?"

आजोबांनी सरांकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "मास्तर, तुमच्या घरी कोणी मागच्या भिंतीवरून चढला, तर चालंल?"

शरमेने माझे कान तापले. सर परत येताना जीपमध्ये म्हणतात, "लोक फार भावनिक आहेत." भावनिक!

*

वाढवणला त्या दिवसांत बंदर होणार म्हणून सगळं गाव पेटलेलं. अनोळखी माणूस मोजमाप करताना दिसला की बायका आधी जमायच्या, पुरुष नंतर. आणि सर बेटावर काय करत होते? टेपने दगडांची उंची मोजत होते आणि चढायची वाट कळावी म्हणून खडूने वर बाण काढत होते!

बघता बघता दहा-बारा बायका आल्या. पुढे हिराबाई. बेटावर कालवं काढायला येणाऱ्या, हातात कोयती, आवाज असा की गलबतं थांबावीत.

"कसला सर्वे चाललाय?"

"सर्वे नाही हो मावशी. आम्ही नुसते चढतो."

"चढून?"

"उतरतो."

"मंग?"

"परत चढतो."

हिराबाई मागे वळून बायकांना म्हणाल्या, "सरकारीच हायेत गो!"

मला त्यांचा राग नाही आला. ज्यांचा समुद्रच जायला निघालाय, ते टेप बघून चिडणार नाहीत तर काय टाळ्या वाजवणार? राग आला सरांचा. टेप नको, खडू नको, हे मी आदल्या दिवशी दोनदा बोलले होते. तेव्हा मला 'घाबरट' म्हणून झालं होतं. शेवटी मीच पुढे झाले, खडू पुसला, टेप हिराबाईंच्या हातात दिली आणि सांगितलं की मी शाळेत शिकवते, डहाणूत राहते, घरी लहान मूल आहे.

कोयती खाली आली. हिराबाईंनी विचारलं, "पोर कोनाकडं हाय?"

*

हाच तो प्रश्न. रिक्षावाला विचारतो, चहावाला विचारतो, आमच्या हेडबाई तर सोमवारी हजेरी घेतल्यासारख्या विचारतात. केतनला जुळी मुलं आहेत, मनूपेक्षा लहान. त्याला आजवर एका माणसाने विचारलेलं नाही! मी एकदा मुद्दाम चहावाल्याला म्हटलं, "यालाही विचारा ना, याची कुणाकडे आहेत?" तो हसायला लागला. "ताई, काय पण मस्करी करता!"

तर मूल असतं त्याच्या बापाकडे. माझा नवरा नितीन रेल्वेत आहे, रविवारी सुट्टी. पहिल्या रविवारी घरी परतले तर ओट्यावर तीन डबे. शेजारणी देऊन गेलेल्या. एकीचा उपमा, एकीची खिचडी, एकीचं तर श्रीखंड! "एकटा सांभाळतोय हो बिचारा." एक सकाळ!

माझं बाळंतपण झाल्यावर मी याच घरात महिनोन्महिने दिवसभर एकटी होते. तेव्हाही श्रीखंडवाल्या काकू आल्या होत्या. आपली वाटी परत न्यायला!

*

नितीन वाईट नाही. फक्त फोन करतो. बेटावर असताना रेंज कधी गुजरातची, कधी आपली, पण याचा फोन बरोबर लागतो. "मनूचं टोपडं कुठंय?" डोक्यावर. "दूध किती गरम करू?" रोज करतो तेवढं. "ती रडतेय." मग घे! आणि माझं मन असं नालायक की प्रत्येक रिंगला आधी हॉस्पिटल दिसतं, मग टोपडं.

*

आता त्या दगडाचं. बेटावर पुरुषांना आडोसा लागत नाही. मला लागतो. तो शोधत मी एकदा पार पलीकडच्या टोकाला गेले, आणि समोर हा! पोट पुढे काढलेला, वर जायला एकच तिरकी भेग, खाली गादीपुरती सपाट वाळू. मी ओरडतच परत आले.

दोघं आले. सर म्हणाले, "मॅडम, स्पॉटिंगला उभ्या राहा." स्पॉटिंग म्हणजे खाली हात वर करून उभं राहायचं, वरचा पडलाच तर त्याला गादीवर लोटायचं. मी उभी राहिले. सर चढले. वरून घोषणा केली, "राऊत खडक!"

"सर, शोधला मी."

"तुम्ही नुसता बघितलात. चढेल त्याचा दगड."

पुढचे कित्येक रविवार असेच. माझा नंबर यायच्या वेळी भरती यायची, नाहीतर नितीनचा फोन. फोन आला की मी सगळं टाकून घरी. सर केतनला म्हणायचे, "बायकांचं मन घरातच असतं." आणि खरं सांगू, मला वाटायचं, असेल बाई.

*

मग तो रविवार. ओहोटी लवकरची. हिराबाई बाजूलाच कालवं काढत होत्या. सरांनी बूट चढवले तसं मी म्हटलं, "आज मी खाली उभी राहणार नाही. आधी मी."

"मॅडम, तुमचं मूल लहान आहे. काही झालं तर?"

"तर खाली तुम्ही आहात. हात वर करा!"

चढले. भेगेत बोटं घातली, पोटाचा भाग पार केला, आणि वरच्या कडेला एक हात पोचल्यावर अडकले. दुसरा हात सुटेना. डोळ्यांसमोर आई नसलेली मनू, तिची उलटसुलट वेणी घालणारा नितीन, श्रीखंडवाल्या काकू. खालून सर सांगत होते, "उतरा, उतरा, पुन्हा कधी बघू!"

तेवढ्यात गादीशेजारी ठेवलेला माझा फोन वाजला. थांबला. परत वाजला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा माझा डावा पाय आपोआप खालची खाच शोधायला लागला होता.

हिराबाईंनी पदराला हात पुसले आणि फोन उचलला.

"ती दगडावर हाय."

पलीकडून नितीन काहीतरी बोलला.

"पोर कोनाकडं हाय?"

नितीन बोलला.

"तुझ्याकडं हाय? बापाकडं?"

नितीन पुन्हा बोलला.

"मंग फोन कशाला केलास?"

फोन कालवांच्या टोपलीत टाकून त्यांनी वर बघितलं.

"तू काय बघतंस गो? चढ!"