सावलीत मांडलेलं टेबल

मंडळी, आज फजिती झाली, तरी मी जाम खुशीत आहे!

मी श्टुटगार्टला पीएचडी करते. जीपीएसचा ठिपका नकाशावर काही मीटर चुकतो. युरोपभरची जमिनीवरची केंद्रं ती चूक मोजतात आणि एका वेगळ्या उपग्रहावरून दुरुस्ती पाठवतात. ती पकडणारं आमचं यंत्र बघायला आज बारा वाजता एका गाड्यांच्या कंपनीचे लोक येणार होते.

साडेअकरा झाले तरी दुरुस्तीचा पत्ता नाही. आम्ही इन्स्टिट्यूटच्या अंगणात, ठिपका शेजारच्यांच्या बागेत! माझा सहकारी निखिल, आपला नाशिकचा, केबल बदलून बदलून रडकुंडीला आला. "अगं, संपलं आपलं," म्हणाला.

तेवढ्यात प्रोफेसर कॉफी घेऊन आले, खुर्ची ओढून सरळ उन्हात बसले आणि म्हणाले, "तुम्ही दोघं सावलीत का लपलायत?"

माझी ट्यूब पेटली. दुरुस्ती पाठवणारा उपग्रह इथून कायम दक्षिणेला, उन्हाळ्यातल्या दुपारच्या सूर्याच्याही खाली असतो. ज्या इमारतीने आमचं ऊन अडवलं होतं, तिनेच उपग्रहही अडवला होता!

टेबल उचलून उन्हात नेलं. मिनिटभरात ठिपका बागेतून निघाला आणि आमच्या पायाशी येऊन बसला. पाहुण्यांचा पहिलाच प्रश्न, "गाडीत कधी बसवायचं?"

आल्झो, म्हणजे इथल्या भाषेत 'तर मग', यंत्र चोख आहे, आता कुणीही तपासावं. पण टेबल मांडताना आम्हा दोघांनाही भारतातल्या सवयीने सावलीच दिसली. तुमचं काय? जर्मनीत इतकी वर्षं काढून तरी पाय आपणहून उन्हाकडे वळतात का?