महालक्ष्म्यांच्या वाटेवरची रेल्वे

सुग्रीव फाटकवाल्याला थकवा कधी आला असं कुणी विचारलं, तर त्याला सांगता आलं नसतं. माणूस हळूहळूच दमतो. पिंगळीजवळच्या फाटकावर त्यानं उभी हयात काढली. खाकी वर्दी, हातात एक लाल अन् एक हिरवं निशाण. गाडीची खबर आली की दांडी खाली, गाडी गेली की दांडी वर. यात काय एवढं दमायचं, असं गावातली रिकामटेकडी माणसं म्हणायची. म्हणेनात! ऊन, पाऊस अन् धुरात जन्मभर उभं राहून बघा म्हणावं एकदा. नोकरी सुटली तेव्हा त्याचे गुडघे गेले होते, कंबर गेली होती, अन् बोलणं तर त्याच्या आधीच गेलं होतं.

हा माणूस एके काळी लई हौशी होता, हे आता सांगून कुणाला पटायचं नाही. लहानपणी तो ज्वारीच्या धाटांच्या बैलगाड्या करायचा. फाटकावर नोकरी लागली अन् त्याच्या डोक्यात आगगाडी शिरली. बांबूच्या कामट्यांचे रूळ, कापसाच्या वाळल्या झाडांच्या, म्हणजे पळाट्यांच्या तुकड्यांचे त्याखाली स्लीपर, रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापून इंजन, दोऱ्याच्या रिळांची चाकं. भादव्यात महालक्ष्म्या आल्या की त्यांच्यापुढं आरास म्हणून ही सगळी रेल्वे मांडायची. बाकीच्या घरी फळं, करंज्या, मातीची बाहुली; सुग्रीवाच्या घरी पिंगळीचं अख्खं ठेसन! पार झरी गावाहून माणसं बघायला यायची.

रूळ दारापासून आत जायचे ते नेमके लक्ष्मीची वाट आडवी कापून. हळदीकुंकवाची पावलं काढत सुग्रीवाची बायको कडूबाई महालक्ष्म्यांचे मुखवटे घेऊन यायची अन् रुळापाशी थांबायची. मग त्यांचा मुंजाजी फाटकाची कामटी उचलायचा अन् ओरडायचा, "या, लाइन मोकळी हाय!" मुंजाजी म्हणजे त्यांचं एकुलतं एक पोरगं.

ते पोरगं महालक्ष्म्या यायच्याच दिवशी गेलं. चार दिवसांचा ताप होता, सकाळी फिट आली. कडूबाई त्याला मांडीवर घेऊन भावाच्या बैलगाडीत बसली अन् परभणीच्या दवाखान्याकडं निघाली. वाटेत फाटक. फाटक बंद. गाडीची खबर आलेली, अन् गाडी काही येईना. अलीकडं बायकोची बैलगाडी, पलीकडं परभणीचा रस्ता, अन् मधी निशाण घेऊन उभा असलेला सुग्रीव. त्यानं फाटक उघडलं नाही. गाडी आली, गेली, फाटक उघडलं, बैल पळाले. पण परभणीची वेस यायच्या आतच पोराची मान कलंडली.

या गोष्टीवर त्या दोघांनी पुढं तेरा वर्षांत एक अवाक्षर काढलं नाही. भांडलेसुद्धा नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं.

सणाच्या दिवशी मयत झाली, म्हणून त्यांच्या घरचा सण पडला. आपल्याकडं पडलेला सण असाच उठवता येत नाही. त्याच दिवशी घरात लेकरू जन्मावं, नाहीतर गोठ्यातली गाय व्यावी, तेव्हाच उठतो. कडूबाईला पुन्हा लेकरू झालं नाही. दर भादव्यात गल्लीत थाळ्या वाजायच्या, दारोदार पावलं उमटायची, अन् ही आपल्या कोऱ्या उंबऱ्यात वाती वळत बसायची. तिनं एक कालवड मात्र जिवापाड वाढवली.

मग तेराव्या वर्षी, महालक्ष्म्या यायच्या दिवशी सकाळीच, ती गाय व्याली.

शेजारची चतुराबाई गोठ्यातूनच ओरडली, "कडू, तुजा सण उठला गं!"

कडूबाई चिकाचं भांडं तसंच टाकून आत धावली. पेटीच्या तळाचे मुखवटे काढले, चिंचेनं घासले, पदरानं पुसले. हसत होती का रडत होती ते तिलाच कळत नव्हतं. मग बाजेवर पडलेल्या नवऱ्यापुढं येऊन उभी राहिली.

"आवं, उठा. रेल्वे मांडा."

"आता हाडं ऱ्हायली का माजी?" सुग्रीव कूस न बदलता म्हणाला.

"मी कुटं रूळ उचलायला सांगायले? कामट्याच हायत त्या."

"नगं वाटायलंय मला."

"मला बी लय काय काय नगं वाटतंय," ती म्हणाली अन् चुलीकडं गेली.

तो उठला. उतरंडीमागच्या टोपलीत सगळं पडलेलं होतं. उंदरांनी दोरे खाल्ले होते, इंजनाला गंज चढला होता. नव्या कामट्या तासायला बसला तर दर दोन कामट्यांनी पाठ टेकावी लागायची. चार बोटांचं अंतर राखत रूळ बसवले. कापसाच्या पळाट्या तोडल्या. इंजन राखेनं घासलं. हात काम विसरले नव्हते, याचं त्याला नवल वाटलं अन् रागही आला. दिवेलागणीला ठेसन उभं राहिलं, पाण्याची टाकीसुद्धा. फक्त फाटक त्यानं केलं नाही.

कडूबाई दोन्ही मुखवटे घेऊन दारातून निघाली. चतुराबाई पुढं थाळी वाजवत होती. पावलं रुळापाशी आली अन् कडूबाई थांबली.

"फाटक कुटाय?"

"न्हाई केलं. ये तशीच वलांडून."

"रूळ वलांडून लक्ष्मी येती व्हय? फाटक करा."

चतुराबाईची थाळी बंद पडली. सुग्रीवानं दोन पळाट्या मातीच्या गोळ्यात रोवल्या, वर कामटी आडवी ठेवली अन् मान खाली घालून बसून राहिला.

"त्या दिशी तुमी उघडायला नगं व्हतं, हे मला कळतंय," कडूबाई म्हणाली. "गाडी येऊन आदळली असती तर आमी समदेच गेलो असतो. पर तुमाला उघडावं वाटलं तरी व्हतं का? येवढंच सांगा."

सुग्रीव आडव्या कामटीवर बोट ठेवत म्हणाला, "दांडीला हात घातला व्हता. दोन येळा. दुसऱ्या येळी ईतभर उचलली बी व्हती, तुजं ध्यान पोराकडं व्हतं. तेवढ्यात धूर दिसला."

"मग इतकी वर्सं बोलला कामून न्हाई?"

"तू इचारलंच न्हाईस."

"असलं इचारतेत व्हय कुनी?" ती म्हणाली, अन् तिला रडू फुटलं. निशाण घेऊन उभा असलेला तो दगड माणूस तिनं इतकी वर्षं डोळ्यांपुढं ठेवला होता. त्या दगडाच्याच घरात ती रांधत होती, त्यालाच जेवू घालत होती. सुग्रीवही रडला, चतुराबाईसमोर, अन् त्याला लाज वाटली नाही.

मग त्यानं कामटी उचलून धरली. कडूबाई मुखवटे उराशी धरून आत आली, अन् त्याच्याजवळून जाताना हळूच म्हणाली,

"लगीच सोडू नका खाली. पोरगं मागं असंल."