पार्किंगच्या खांबावरची भेग

सिनेमातल्या अंतराळयानांच्या छोट्या प्रतिकृती मी घरी बनवतो, त्याही युद्धात मार खाल्लेल्या. नवंकोरं यान कुणीही बनवेल. तापलेल्या सोल्डरिंग गनने प्लास्टिक वितळवून त्याला भोकं पाडायची, गंज चढवायचा, यात खरी मजा. फक्त भेगा मला जमायच्या नाहीत. मनाने काढलेली भेग खोटीच दिसते.

म्हणून गेल्या उन्हाळ्यात मी दिवा स्टेशनजवळच्या आमच्याच बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये गेलेलो. तिथल्या एका खांबावरची आख्खी भेग ट्रेसिंग पेपरवर उतरवली आणि लहान करून यानाच्या पोटावर कोरली. गंजाचे ओघळही तसेच दिले. बायको म्हणाली, "अरे, बघूनच भीती वाटते." मी केवढा खूश झालेलो!

दिवाळीआधी सोसायटीच्या सेक्रेटरींनी त्या खांबाला पुट्टी मारून रंग दिला. "नुसतं प्लास्टर फुटलेलं," म्हणाले. मला पुट्टी शिकवतात! यानाचे सांधे लपवायला मी दुसरं काय वापरतो?

आज सकाळी रंग चिरून भेग परत वर आलेली दिसली. मी घरातून तो जुना ट्रेसिंग पेपर आणला आणि भेगेच्या खालच्या टोकाला लावून धरला. रेघ रेघेवर नीट बसली. मग वर कागद संपला. भेग संपली नाही. ती खांब सोडून बीममध्ये शिरलेली. त्या बीमच्या वर आमचं स्वयंपाकघर.

तिथूनच बायकोने हाक मारली, "अरे, वर ये ना, चहा गार होतोय."