बैल वडनेरला, चाकं बोरगावला

ताजी खबर अशी की बोरगाव मेघेतल्या रेखाच्या घरी टीव्ही अजून जमिनीवरच आहे. काल सकाळी फोनवर तिनेच हे पक्कं केलं. "मान दुखून राह्यली पाहून पाहून," ती म्हणाली, "पण नवीन स्टँड मी घेणार नाई." त्या टीव्हीखालचं लाकूड मीच उचलून नेलं होतं, तेव्हा ही सहल सविस्तर लिहायला हवी.

पुण्याहून मी निघाले ते लाकडी बैल बघायला. आमच्या सोसायटीत सध्या दर दुसऱ्या दिवाणखान्यात एक 'एथनिक' बैल उभा आहे. शेजाऱ्यांचा काचेच्या कपाटात, दिव्याखाली असतो. त्याला हात लावलेला चालत नाही. विदर्भात मात्र पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, मुलं असे बैल सजवून दोरीने गावभर ओढत नेतात आणि घरोघरी खाऊ-पैशांचा बोजारा मिळवतात. रेखा माझी कॉलेजातली मैत्रीण. तिच्या सासरचा सागवानी बैल वडनेरच्या रांगेत पहिला उभा राहतो, हे मी वर्षानुवर्षं ऐकत आले होते.

पोळ्याच्या दिवशी वर्ध्याला उतरले. स्टेशनबाहेर बोरगावसाठी शेअर ऑटो मिळतात. भरल्यावर निघतात. भरला म्हणजे काय, ते चालक ठरवतो.

रेखाकडे टीव्हीखाली चार चाकांचा जुना लाकडी पाट होता, पितळी पट्ट्या ठोकलेला. घरात त्याला गाडा म्हणतात.

"आणि बैल?" मी विचारलं.

"बैल वडनेरले, दादाकडं," रेखाचे यजमान शरदभाऊ म्हणाले. "चाकं पाहाची असतीन तर हे पाहा."

दोघा भावांच्या वाटणीत शेत, विहीर, पितळेची भांडी, सगळं निम्मं निम्मं झालं होतं. बैल एकच होता. मग पंचांनी बैल थोरल्या वसंतदादांना दिला आणि त्याच्याखालचा गाडा धाकट्या शरदभाऊंना. दरवर्षी शरदभाऊ गाडा घेऊन गावी जात, बैल त्यावर चढे, रांग निघे आणि गाडा पुन्हा टीव्हीखाली येई. यंदा ते अडून बसले होते. गेल्या वर्षी लाउडस्पीकरवरून बैलाचे मालक म्हणून एकट्या दादांचं नाव पुकारलं गेलं होतं.

"दादानं मले एक फोन करावं, ये म्हणून. बिनबोलावता मी जात नाई."

रेखाने वडनेरला फोन लावून स्पीकरवर ठेवला. पलीकडून दादा कडाडले, "आमंत्रण पाव्हण्याले देतेत. भावाले काऊन द्यायचं? तो काय पाव्हणा हाये?"

दोघांचंही बरोबर होतं. त्यामुळे काही होण्यासारखं नव्हतं.

अडचण अशी की वडनेरात बैल चाकांवर चालत तोरणाखालून जावा लागतो, उचलून आणलेला धरत नाहीत. आणि एक वर्ष चुकलं की पहिली जागा मागच्याची. मागे टपून होता गल्लीतल्याच एकाचा नागपूरहून आणलेला फायबरचा बैल, डोळ्यांत दिवे आणि पोटात गाणी असलेला. दादा त्याला बैल म्हणत नसत, 'तो डबा' म्हणत.

"दादांनी दुसरा गाडा करून घ्यावा की," मी सुचवलं.

"मंग तर वाटणी खरीच झाली म्हणायची," रेखा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने टीव्ही खाली ठेवला, गाडा पुसला आणि माझ्या हातात दिला. "माणूस रुसला हाये, चाकं नाई रुसली. घेऊन जाजो." शरदभाऊ पेपर वाचत होते. बराच वेळ एकच पान वाचत होते.

वर्ध्याहून एसटीने हिंगणघाट, तिथे बस बदलून वडनेर. बायकांना अर्धं तिकीट. हिंगणघाटला तर्री पोहे जरूर खा, फक्त पांढरे कपडे घालून खाऊ नका. वडनेरच्या बसमध्ये कंडक्टरने गाड्याकडे पाहिलं.

"हे काय हाये मॅडम?"

"बैलाचा गाडा."

"अन् बैल?"

"तो वडनेरला आहे."

"बापा! बैल पुढं अन् गाडा मांगून, असं पह्यल्यांदा पाह्यलं. ठेवा सीटखाली."

वडनेरात रांग लागत होती. मुलं फेट्यांत, मुली नऊवारीत. बैलांच्या गळ्यात 'पाणी वाचवा', 'झाडे लावा'. सगळ्यात मोठा फलक 'बैल वाचवा' असा होता आणि तो ट्रॅक्टरवर बांधला होता. पुढे दोन डफडी होती, जाळावर शेकून चांगली ताणलेली. डीजे येईपर्यंत गावात त्यांचंच राज्य होतं.

वसंतदादांचा बैल गुडघ्याएवढा. मुलांचे हात फिरून फिरून वशिंड गुळगुळीत झालेलं, पाठीवर दादांच्या बायकोने, काकूंनी, शिवलेली आरशांची झूल. दादांनी माझ्या मागे रस्त्यावर पाहिलं.

"तो नाई आला?"

"गाडा आला," मी म्हटलं.

बैल गाड्यावर ठेवला तेव्हा कळलं. बैल आणि गाडा जोडणारी लाकडी खुंटी नव्हती. तिच्याशिवाय बैल पहिल्याच दगडावर आडवा झाला असता.

"खुंटी ठेवून घेतली लेकानं," दादा म्हणाले. रागाने म्हणाले, पण त्यात थोडं कौतुकही होतं. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर घालून पाहिला, लाटणं घालून पाहिलं, शेवटी काकूंनी गाजर आणलं. तिकडे फायबरच्या बैलाने पोटातलं गाणं सुरू केलं.

डफडी हलली आणि त्याच वेळी मोटारसायकल येऊन थांबली. शरदभाऊंनी खिशातून खुंटी काढली.

"हे घरी राह्यलतं. द्याले आलो फक्त."

"बरं केलं," दादा म्हणाले. "आता ठोक मंग. मले वाकता येत नाई."

शरदभाऊंनी बसून ठोकली. बैल तोरणाखाली पहिला गेला आणि लाउडस्पीकरवरून दोन्ही भावांची नावं पुकारली गेली. निवेदकाला मी नंतर विचारलं. म्हणाला, "दादानं सकाळीच सांगून ठेवलतं."

पुरणपोळी, कढी आणि वडे झाल्यावर शरदभाऊ गाडा सोडवायला बसले. खुंटी निघेना.

"फुगली असंन," दादा म्हणाले. "हवा ओली हाये."

शरदभाऊंनी दोनदा ओढली. फार जोर लावला असं मला वाटलं नाही. ते रिकाम्या हाताने परतले.

पुण्याला आल्यावर शेजाऱ्यांच्या कपाटातल्या बैलाकडे खाली वाकून पाहिलं. चाकं चिकटवलेली आहेत, फिरत नाहीत. शेजारी म्हणाले, तेच बरं, घसरत नाही.

बोरगावात पुढे काय? शरदभाऊंना अजून कुणी बोलावलेलं नाही. पण खुंटी वाळली का, ते पाहायला कुणीतरी जायलाच हवं, म्हणून येत्या रविवारी ते हातोडी घेऊन वडनेरला जाणार आहेत. काकूंनी पाटवडीचं बेसन आणून ठेवलं आहे. रेखाचा अंदाज असा की दिवाळीपर्यंत काही ती खुंटी वाळत नाही.