तिच्या हातातला अर्धा तुकडा

मी सातवी शिकलेला माणूस. तीस वर्षं लेथवर काढली. त्यामुळे तारण म्हणजे काय, देवानं माणसाला मोकळीक का दिली, हे मी कुणाला शिकवायला बसलेलो नाही. ते पाळकांचं काम, त्यासाठी ते शिकून येतात. माझ्या हातून काय राहिलं, तेवढंच सांगतो. बायको जाऊन दोन वर्षं झाली. सकाळी उठायचं, चहा करायचा, एकट्यानं प्यायचा, कप विसळायचा, ह्याचासुद्धा आता शीण येतो.

आम्ही दोघंही जन्मानं ख्रिस्ती, नगरकडच्या खेड्यातले. लग्नानंतर पुण्याला आलो आणि स्वारगेटच्या मागं दोन खोल्या घेतल्या. ती सदाशिव पेठेत एका डॉक्टरीणबाईंच्या बाळंतपणाच्या दवाखान्यात आया होती. आम्हाला मूल झालं नाही, लोकांची मात्र तिनं आयुष्यभर न्हाऊ घातली. मी कारखान्यात टर्नर. आमच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भाकरीचा बारकासा तुकडा आणि बोटभर प्याल्यात द्राक्षांचा रस. पाळकांनी बोलावलं की जागेवरून उठायचं, पुढं मेजाजवळ जाऊन गुडघे टेकायचे आणि घ्यायचं. ज्याला जायचं तो जातो. आम्ही दोघं बरोबर जायचो.

मग कारखान्यात कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं आली. पाच जणांचं काम एक मशीन करायला लागलं आणि साहेबांनी जुन्या माणसांना एकेक करून केबिनमध्ये बोलवायला सुरुवात केली. स्वेच्छानिवृत्ती घ्या म्हणून. मला तीनदा बोलावलं. पहिल्यांदा चहा दिला. दुसऱ्यांदा चहा नव्हता. तिसऱ्यांदा साहेब म्हणाले, "हे बघा, जबरदस्ती कुणावरच नाही. नाही म्हणायची तुम्हाला पूर्ण मोकळीक आहे. फक्त मग उद्यापासून भंगार यार्डात उभं राहावं लागेल." मी सही केली. त्या कागदावर आधीच छापलेलं होतं की हा निर्णय मी माझ्या खुशीनं घेतला आहे.

पुढच्याच पहिल्या रविवारी पाळकसाहेब मेजाजवळ उभे राहिले आणि म्हणाले, देव कुणावर जबरदस्ती करत नाही, आपल्या खुशीनं या. सगळे उठले. माझं डोकं असं फिरलं की मी उठलोच नाही.

बायकोनं कोपर मारलं. "चला."

"तू जा."

ती गेली, घेऊन आली, शेजारी बसली. परतताना बसमध्ये विचारलं, "गुडघा दुखतोय का?"

"नाही."

"मग?"

"खुशीच्या कागदावर एकदा सही केली. पुन्हा करायची नाही."

"कागद कुठं होता तिथं? भाकरी होती."

"फुकट देणाऱ्याच्या दुसऱ्या हातात काय असतं, ते बघून आलोय मी."

तिनं तिकिटं पर्समध्ये ठेवली. मग म्हणाली, "बरं. बसा मग."

तसा मी अकरा वर्षं बसलो. दर महिन्याला ती एकटी पुढं जायची आणि मी बाकावर तिची पर्स सांभाळत बसायचो. एकदाही तिनं पुन्हा "चला" म्हटलं नाही. भांडली असती तर मला भांडायला बरं पडलं असतं.

दरम्यान बाणेरला एका कॉम्प्युटर कंपनीच्या गेटवर वॉचमन म्हणून लागलो. तिथली गळ्यात पट्टे अडकवलेली मुलं नोकरी सोडताना पेढे वाटायची. ही मला नवलाची गोष्ट. आमच्याकडे नोकरी गेली की घरात सुतक असायचं. एकदा एक मुलगी जाता जाता मलाही पेढा देऊन गेली. घरी येऊन बायकोला सांगितलं.

"काय केलंत तुम्ही पेढ्यासाठी?" तिनं विचारलं.

"गेट उघडलं."

"ते रोजच उघडता. रोज मिळतो का?"

"नाही."

"तिला द्यावासा वाटला, तिनं दिला. खाल्लात ना?"

"खाल्ला."

"सही मागितली तिनं?"

मी जेवायला वाढ म्हणालो. तिला काय म्हणायचं होतं ते मला कळलं होतं, पण कळलं म्हणून लगेच मान्य करणं माझ्या स्वभावात नाही.

मग तिच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशनचा उपयोग नाही, असं डॉक्टरीणबाईंनीच तोंडावर सांगितलं. मी नोकरी सोडली आणि घरी बसून तिचं करायला लागलो. तिला पुसणं, कूस बदलणं, पेज भरवणं. तेव्हा एके दिवशी माझ्या मनात आलं की हिच्याबरोबर एकदा मेजाजवळ जायचं राहायला नको. शेवटचं एकदा दोघांनी घ्यायचं.

इथं मी चूक केली, आणि ती माझ्यासारखा लेथवाला माणूसच करू जाणे. कारखान्यात मशीनवरून जॉब, म्हणजे घडवलेला भाग, उतरवला की गेज लावून बघायचा. मापात बसला तर पुढं, नाही तर भंगारात. मला वाटलं, आधी आपण मापात बसलं पाहिजे. अयोग्य माणसानं ते खाऊ नये असं शास्त्रात आहे, ते मला पक्कं ठाऊक होतं. आणि माझं काय होतं? तोंडात तंबाखू, आणि रोज सकाळी त्या साहेबाला मनात चार शिव्या. मी ठरवलं, पुढच्या पहिल्या रविवारपर्यंत तंबाखू बंद, शिव्या बंद. मग तिला खुर्चीत बसवून रिक्षानं न्यायचं आणि मानानं घ्यायचं. हे सगळं मी तिला न विचारता ठरवलं.

त्यानंतरच्या मंगळवारी दुपारी पाळकसाहेब घरी आले. तिला चर्चला येणं होत नव्हतं म्हणून सोबत छोटी पेटी आणली होती. आत दोन प्याले आणि रुमालात भाकरी. दोन प्याले बघून मी ओळखलं, एक माझ्यासाठी आहे. प्रार्थना झाली. त्यांनी तिला तुकडा दिला. तिला अख्खा गिळवत नव्हता. तिनं तो बोटांनी मोडला, अर्धा जिभेवर ठेवला आणि उरलेला अर्धा माझ्यापुढं धरला.

मी म्हटलं, "रविवारी. रविवारी आपण दोघं चर्चमध्येच घेऊ."

"आज काय झालं?"

"तंबाखू सुटू दे. चारच दिवस झालेत."

तिला हसू आलं. हसल्यावर पोटात दुखायचं, म्हणून हात पोटाशी धरून हसली. "अहो, नोकरीला लागायचंय का तिथं?"

तिचा हात तसाच पुढं होता. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. शेवटी तिनं तो खाली घेतला आणि तो अर्धा तुकडाही स्वतःच खाल्ला. सावकाश, पाण्याबरोबर. "तुमची मर्जी," म्हणाली. रागानं नाही.

शुक्रवारी सकाळी ती गेली.

आता लोक म्हणतात देवानं नेलं. नेलं असेल. माझं भांडण वेगळंच आहे. कारखान्यानं मला ढकललं आणि त्याला माझी खुशी म्हणाले. हिनं मला ढकललं नाही. देवानंही नाही. नुसतं पुढं धरलं आणि थांबले. तिनं जरा दामटून तो तुकडा माझ्या तोंडात कोंबला असता, तर मी खाल्ला असता. कितीदा वाटतं, कोंबायचा होता. मग वाटतं, तसं केलं असतं तर तो त्या साहेबाचाच चहा झाला असता. दोन्ही वाटतं. कधी एक, कधी दुसरं.

पाच-सहा महिने मी चर्चला गेलो नाही. पाळकसाहेब येऊन बसायचे. वयानं माझ्या मुलासारखे, मला काका म्हणतात. एकदा मी सरळ विचारलं, "ते राहिलं ते आता भरून कसं काढायचं?"

"नाही काढता येत, काका."

"एवढंच सांगायला पगार देतात तुम्हाला?"

"फार देत नाहीत," ते म्हणाले. मग म्हणाले, "भरून काढता आलं असतं, तर देवाला द्यायची गरज कशाला पडली असती? रविवारी या. नाही आलात तरी मंगळवारी मी येणारच आहे."

त्या रविवारी गेलो. तंबाखू सुटलेली नव्हती. त्या सकाळीही साहेबाला शिव्या घालून झाल्या होत्या. कुठल्याच गेजमध्ये मी बसत नव्हतो. बोलावणं झालं, तसा उठलो आणि पुढं जाऊन गुडघे टेकले. तोंड कोरडं होतं. तुकडा टाळूला चिकटला, रसाबरोबर उतरला. आत काही उजेड वगैरे पडला नाही. पाळकसाहेबांनी मला काही विचारलं नाही, ते पुढच्या माणसाकडे सरकले.

उठताना गुडघा धरला. शेजारच्या अनोळखी बाईनं हात पुढं केला, तो धरून उठलो.

तेव्हापासून दर महिन्याला जातो, घेतो. ते मिळालं, ह्यात आता मला शंका नाही. पण तिच्याबरोबर घ्यायचं ते राहिलं. ते राहिलंच.